शोभाबाईंचा हिरवा रस

रिपोर्ट चुकला असेल, असंच मला आधी वाटलं.

डॉ. इंगोले कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशीही चढवला नाही. कागद माझ्याकडे सरकवला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते चष्मा काढतात तेव्हा बातमी वाईट असते, हे आमच्या युनिटमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे.

"वानखडे मॅडम, तुमच्या शोभाबाईंचं वजन उतरलं," ते म्हणाले. "आणि क्रिएटिनिन चढलं. दोन्ही एकाच महिन्यात. हे मला समजावून सांगा."

क्रिएटिनिन म्हणजे आपल्या अंगात रोज तयार होणारा एक प्रकारचा कचरा. किडनी तो लघवीवाटे बाहेर टाकते. रक्तात तो साचायला लागला की समजायचं, किडनीचं काम मंदावलंय. शोभाबाईंचा आकडा आधीच्या दुपटीहून वर गेला होता.

असा आकडा कोणाचाही वाढला तरी काळजी वाटते. शोभाबाईंचा पाहून मात्र मी कागदावरचं नाव पुन्हा वाचलं. कारण शोभाबाई आमच्या पेशंट नव्हत्याच. त्या डोनर होत्या. पेशंट होता त्यांचा मुलगा, अक्षय. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि आईची एक किडनी त्याला बसवायचं ठरलं होतं. आता त्या आईच्याच किडन्या बिघडल्याचं कागद सांगत होता.

रोहन, अन्वी, आजी निवृत्त झाली तरी अजून हॉस्पिटलमध्ये कशाला जाते आणि तिथे नेमकं काय करते, असं तुम्ही फोनवर विचारता. उत्तर द्यायला सुरुवात केली की तुमच्याकडे शाळेची वेळ झालेली असते. म्हणून हे एक प्रकरण लिहून पाठवते आहे. अडलेला शब्द आईला विचारा. माझं काम थोडक्यात असं. सरकारी दवाखान्यात आहारतज्ज्ञ होते, निवृत्त झाले, आणि आता अमरावतीतल्या एका हॉस्पिटलच्या किडनी युनिटमध्ये आठवड्यातून काही दिवस जाते. कोणी काय खावं, किती खावं, पाणी किती प्यावं, हे ठरवते. ऐकायला सोपं वाटतं.

शोभाबाई बार्शीटाकळीजवळच्या एका खेड्यातल्या. घरची शेती, दोन म्हशी. अक्षय अकोल्यात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करायचा आणि तिथेच त्याचं डायलिसिस चालायचं. डायलिसिस म्हणजे किडनीचं काम मशीनकडून करून घेणं. त्याच्या वडिलांना मधुमेह, म्हणून त्यांची किडनी चालणार नव्हती. आईचं रक्त जुळलं, बाकी तपासण्याही जुळल्या. अडलं ते एका गोष्टीवर. आईचं वजन जास्त होतं.

डॉ. इंगोल्यांनी त्यांना माझ्यासमोरच सांगितलं होतं, "आठ-दहा किलो कमी करा. घाई नाही. तीन-चार महिने घ्या. तुम्हाला पुढे जन्मभर एका किडनीवर राहायचंय. बीपी आणि शुगर तुमच्या जवळपास फिरकायला नको."

मग त्या माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या. पन्नाशीच्या, हसऱ्या, डोक्यावरचा पदर सारखा सावरणाऱ्या.

"गोळी देता काय, बाई?"

"नाही."

"मंग पावडर?"

"तीही नाही."

"मंग तुमी कायच्या डॉक्टर वो?"

"मी डॉक्टर नाहीच," मी म्हणाले. त्या इतक्या मोकळ्या हसल्या की बाहेरच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली.

त्या दिवसभरात काय खातात, ते मी विचारून घेतलं. खेड्यातल्या बहुतेक बायकांचं तेच त्यांचंही होतं. सकाळी नुसता गोड चहा, तोही तीनदा. सगळ्यांचं जेवण झाल्यावर स्वतः जेवायचं, तेही स्वयंपाकघरात उभ्याउभ्या. कढईत उरलेलं, पातेल्यात उरलेलं, घरच्यांच्या ताटात उरलेलं, सगळं आपल्याच पोटात. अन्न टाकायचं नाही म्हणून. मी त्यांना चारच गोष्टी सांगितल्या. सकाळी काहीतरी खाऊनच कामाला लागायचं. घरच्यांबरोबर बसून जेवायचं आणि ताट एकदाच वाढायचं. उरलेलं म्हशीला घालायचं. संध्याकाळी वावरापर्यंत, म्हणजे शेतापर्यंत, पायी जाऊन यायचं.

"एवढंच?"

"एवढंच. पण ऑपरेशन झाल्यावरही हेच."

पहिल्या महिन्यात त्यांचं वजन किलोभर उतरलं. मी खूश झाले. त्या झाल्या नाहीत. पुढच्या खेपेला आल्या तेव्हा काट्याने एकदम पाच किलो कमी दाखवले. नर्सने टाळी वाजवली. मला टाळी वाजवावीशी वाटली नाही. काट्यावरून उतरताना त्यांनी माझ्या टेबलाची कड धरली होती. ओठ कोरडे पडले होते. डोळ्यांखालची कातडी सैल झाली होती.

"काय खाता आजकाल?"

"तुमी सांगतलं थेच."

मी तेव्हाच रक्त तपासायला पाठवलं. तोच हा कागद.

डॉक्टरांनी पुन्हा रक्त घ्यायला सांगितलं. ट्यूब बदलली असेल, नाव चुकलं असेल, मशीन चुकलं असेल, यातलं काहीही चाललं असतं. दुसरा रिपोर्ट आला. आकडा पहिल्यापेक्षा थोडा वरच होता.

"ॲडमिट करा," डॉक्टर म्हणाले. "आणि त्यांनी काय घेतलं ते शोधून काढा. पेनकिलर, काढा, भस्म, जिमच्या पावडरीचा डबा, काहीतरी असणारच. ते कळल्याशिवाय मी अंधारात आहे. आज एका घरातला एक पेशंट आहे. उद्या दोन होतील."

ते शेवटचं वाक्य घेऊनच मी वॉर्डात गेले.

शोभाबाई पलंगावर होत्या, हाताला सलाइन. शेजारी स्टुलावर अक्षय. सव्वीस वर्षांचा मुलगा, पण डायलिसिसने चेहरा राखेसारखा झालेला. आजारी मुलगा उशाशी बसलाय आणि धडधाकट आई पलंगावर आहे, हे उलटं चित्र मला नीट बघवेना.

सगळी औषधं नावं घेऊन विचारली. अंगदुखीची गोळी? नाही. वैद्याचं काही? नाही. टीव्हीवरचं? नाही.

"देवाशपथ, बाई. एक गोळी नाई घेतली म्या."

त्या खोटं बोलत नव्हत्या, हे मला कळत होतं. आणि पूर्ण खरंही सांगत नव्हत्या, हेही कळत होतं. अशा वेळी पुन्हा तेच विचारून उपयोग नसतो. मी नाश्ता मागवला आणि नुसती बसून राहिले.

चहा आणि टोस्ट आला. शोभाबाईंनी टोस्ट चहात बुडवला. बुडवूनच ठेवला. पार लगदा झाल्यावर तोंडात घातला, तोही जीभ आणि टाळू यांच्यामध्ये दाबून.

"टोस्ट कडक आहे का?"

"नाई वो. दात आंबून राहिले."

कैरीचे दिवस नव्हते. थंडी होती. आंबट असं घरात असणार ते चिंच किंवा लिंबू, आणि तेवढ्याने दात इतके आंबत नाहीत.

"कशाने आंबले?"

त्यांनी अक्षयकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. मी अक्षयला लॅबमधून एक रिपोर्ट आणायला पाठवलं. तो दाराबाहेर गेला तशा त्या रडायला लागल्या.

आधी त्यांनी जेवणांचं सांगितलं. किडनी द्यायचं ठरल्यापासून सोयरे त्यांना एकेक करून जेवायला बोलवत होते. लग्नाआधी नवरीला बोलावतात ना, ज्याला पुण्याकडे केळवण म्हणतात आणि आपल्याकडे गडगनेर, अगदी तसं. अकोटची बहीण, मूर्तिजापूरची मावशी, गावातल्या चार घरच्या. पुरणपोळी, भरीत, रोडगे. जेवण झालं की पाटावर बसवायचं, ओटी भरायची, नवी साडी द्यायची.

"आन् मंग सगळ्या गळ्यात पडून रडतात," शोभाबाई म्हणाल्या. "नवरी सासरी जाते मनून रडतात. मी कुठी चालली, बाई? मी मरून राहिली काय?"

मी पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला.

नाही म्हणायची सोय नव्हती. अशा ताटाला नाही म्हणणं अपशकुनाचं. एक पोळी कमी घेतली तर यजमानीण म्हणणार, खा वो, पुढचं कोणी पाहिलं. मग त्या खायच्या, आणि घरी आल्या की काट्याची भीती. डोळ्यांसमोर अक्षय यायचा, डायलिसिसच्या खुर्चीत डोळे मिटून पडलेला. माझं वजन उतरत नाही म्हणून त्याला तिथे बसावं लागतंय, असा त्यांचा हिशोब.

त्यात नणंद बोलली. सुमन तिचं नाव, गावातच दिलेली. भर पंगतीत वाढता वाढता म्हणाली, "वयनी, तुमचं वजन तं उतरूनच नाई राहिलं. उतरत नाई, का उतरवाचं नाई?"

"हातातला घास म्या ताटात ठेवला, बाई. माह्यावर नाव आलं, का मायनं पोराले किडनी द्यायची नाई मनून वजन धरून ठेवलं."

त्याच आठवड्यात पुतणीने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. हिरवा रस. सात दिवसांत सात किलो. कच्चा पालक मिक्सरमध्ये फिरवायचा, लिंबू पिळायचं आणि जेवणाऐवजी प्यायचा. शोभाबाईंच्या घरात लिंबू नव्हतं. वावरात चुका होता, हवा तेवढा. चुक्याची भाजी तुम्ही इथे आलात तेव्हा खाल्ली आहे, डाळ घालून केलेली आंबट पातळ भाजी. आंबटपणाला लिंबाऐवजी चुका घालायचा, हे आपल्याकडच्या कोणत्याही बाईला सहज सुचेल. त्यांनी निम्मा पालक आणि निम्मा चुका घेतला. कच्चाच. सकाळी तांब्याभर, दुपारी तांब्याभर, संध्याकाळी पुन्हा. जेवण बंद. पोट साफ व्हावं म्हणून रात्री सोनामुखीचं चूर्ण. आणि अमरावतीला वजन करायला यायच्या आदल्या दिवसापासून पाणीही बंद, कारण पाण्याचं वजन भरतं.

"डॉक्टरायनं सांगतलं होतं, औषध घेऊ नोका. मी औषध नाई घेतलं, बाई. भाजी घेतली."

मी तशीच उठून डॉक्टरांकडे गेले.

चुक्याची आंबट चव येते ती ऑक्झॅलिक ॲसिडमुळे. पालकातही ते बरंच असतं. वाटीभर शिजवलेली भाजी, सोबत भाकरी आणि ताक, असं खाल्लं तर निरोगी माणसाला काही होत नाही. पण कच्च्या पानांचा रस तांब्यांनी प्यायला, सोबत पोटात दुसरं काही नसलं, जुलाबांनी आणि तहानेने अंग सुकलेलं असलं, तर हे ॲसिड रक्तातून किडनीत जातं, तिथे कॅल्शियमशी जुळतं आणि त्याचे बारीक स्फटिक होतात. किडनीच्या केसाएवढ्या नळ्यांमध्ये वाळू साचावी, तसं.

डॉक्टरांनी लघवीचा नमुना मायक्रोस्कोपखाली ठेवायला सांगितला. मीही लॅबमध्ये जाऊन पाहिलं. छोटे, चौकोनी, बंद पाकिटांसारखे चमकणारे स्फटिक. दिसायला सुंदर होते.

"नुसत्या रसाने झालं, की जुलाबाने, की पाणी तोडल्याने, ते सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "बहुधा तिन्ही मिळून."

"भरून येईल?"

"काहींचं येतं."

"आणि काहींचं?"

त्यांनी फोन उचलला. किडनीचा तुकडा काढून तपासावा का, यावर ते फोनवर कोणाशी तरी बराच वेळ बोलले. दोन दिवस सलाइन देऊन वाट बघायची आणि आकडा उतरला नाही तर तुकडा काढायचा, असं ठरलं.

"डोनर म्हणून यांचं नाव काढायचं का?" मी विचारलं.

"आज तो प्रश्नच नाही. आज त्यांना डायलिसिसवर जाऊ द्यायचं नाही, एवढंच बघा."

मुलाला सांगायचं काम मी शोभाबाईंवरच सोपवलं. मी सांगितलं असतं तर ती तक्रार झाली असती. मी फक्त शेजारी उभी राहिले. त्यांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. गडगनेरापासून सोनामुखीपर्यंत.

अक्षयने स्टूल मागे सरकवलं. मग म्हणाला, "कोनाले घाई झालती, आई? मी म्हनलं होतं काय?"

"तू बोलत नव्हता. तुहं तोंड बोलत होतं."

"मंग ऐक. मले नोको तुही किडनी. तू मरशीन तं मी कोनाच्या भरोशावर जगू?"

तो बाहेर निघून गेला. शोभाबाईंनी माझं मनगट धरलं.

"बाई, दोन असतात ना? त्यातली एक तरी चांगली असन. थे त्याले काढून द्या. खराब झाली थे मले राहू द्या."

मी त्यांना सांगितलं की नियम याच्या नेमका उलटा आहे. दोन किडन्यांमध्ये थोडाही फरक असला तर चांगली किडनी देणाऱ्याकडेच ठेवायची. डोनरला धोक्यात घालून पेशंट वाचवायचा नाही, यावरच हे सगळं शास्त्र उभं आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी वेड्यासारखं बोलले.

"असा कसा नियम वो? थो कायदा काय माणसायनं केला, का बायकायनं?"

दुसऱ्या दिवशी आकडा आणखी चढला. मी घरी येऊन भात लावला आणि गॅस पेटवायलाच विसरले. कामात मी विसरणारी बाई नाही, हे तुमच्या आईला विचारा. मनात सारखं एकच. दोन डायलिसिसच्या खुर्च्या, एकीत आई, एकीत मुलगा. बाप शेती बघणार, की दोघांना घेऊन अकोल्याला खेपा घालणार? आणि ही आता मरणारच असं धरून सगळ्यांनी वाढलेली ताटं जिने मुकाट्याने खाल्ली, त्या बाईला कोण समजावणार की तिने मुलावर काही अन्याय केला नाही?

तिसऱ्या दिवशी आकडा जागेवर थांबला. चौथ्या दिवशी किंचित खाली आला. इतका किंचित, की आम्ही दोघांनी कागद उजेडाकडे धरून पाहिला, जणू त्याने काही फरक पडणार होता.

"तुकडा नको काढायला," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढंच.

पूर्ण उतरायला पुढे बरेच आठवडे गेले. घरी जाताना डॉक्टरांनी शोभाबाईंना आणि अक्षयच्या वडिलांना समोर बसवलं. आधी शोभाबाईंच्या किडन्या. काही महिने थांबायचं. मग सगळ्या तपासण्या पहिल्यापासून. त्यात उणं निघालं तर किडनी घेणार नाही, विनवण्या केल्या तरी नाही.

गडगनेरांचं काय करायचं, हा प्रश्न माझा होता. शोभाबाई नाही म्हणू शकत नव्हत्या. मग डॉक्टरांनीच चिठ्ठीवर औषधांच्या खाली लिहिलं, बाहेरचं जेवण पूर्ण बंद. आपल्याकडे बाईने नाही म्हटलं तर माज असतो आणि डॉक्टरने नाही म्हटलं तर पथ्य असतं. जेवणं थांबली.

आणि सुमनला मी बोलावून घेतलं. ती तावातावातच आली.

"माहं काय चुकलं? मी खरं तेच बोलली."

"तुमचं काम आहे माझ्याकडे. रोज संध्याकाळी वहिनीबरोबर वावरापर्यंत चालत जायचं."

"मी काहून? वजन तिचं आहे."

"हा काटा समोरच आहे. तुमचं करू का?"

सुमनने काट्याकडे पाहिलं, मग दाराकडे. "जातो ना बाई, संगं," ती म्हणाली. ती खरोखर गेली, रोज गेली. वाटेत दोघी भांडायच्या, असं शोभाबाई सांगत. पण भांडताना पाय थांबत नाहीत.

वजन हळूहळू उतरायला लागलं. महिन्याला किलो, कधी तेवढंही नाही. मला हवं तसं. शोभाबाई आता सगळ्यांबरोबर पंगतीला बसत होत्या. पहिल्या दिवशी सासूने विचारलं, वाढणार कोण? अक्षयचे वडील उठले आणि भाकरीची टोपली मधोमध आणून ठेवली. मला सांगितलेली सगळ्यात मोठी सुधारणा हीच होती, आणि ती माझ्या आहाराच्या कुठल्याच तक्त्यात बसत नव्हती.

मग उन्हाळा आला.

अकोल्याचा उन्हाळा तुम्ही पाहिलेला नाही. डायलिसिसच्या पेशंटला पाणी मोजून प्यावं लागतं, कारण त्याला लघवी होत नाही. प्यायलेलं अंगातच साचतं. आणि बाहेर तर डांबर वितळतं. अक्षयने महिनाभर तग धरला. एका दुपारी दुकानात लोड शेडिंग झालं, पंखा बंद पडला, आणि त्याने मटक्यातून पोटभर पाणी पिऊन घेतलं. त्याच्यावर कोणाला रागावताही येईना. पाणी फुप्फुसात साचलं. श्वास घेता येईना. अकोल्यातच आयसीयूत ठेवलं आणि तातडीने डायलिसिस सुरू केलं.

शोभाबाईंचा फोन आला. मागे आयसीयूच्या बाहेरचा गोंगाट.

"बाई, किती राहिलं माहं वजन?"

"दोन-अडीच किलो."

"थे चाकूनं काढा. आजच काढा. मी येतो, मले टेबलावर घ्या."

"शोभाबाई, खाली बसा आधी."

"बसवत नाई. तो माशावानी तोंड उघडून राहिला."

खरं सांगते, मला त्या क्षणी अक्षयपेक्षा त्यांची भीती जास्त वाटली. डॉक्टर अक्षयजवळ होते. यांच्याजवळ फक्त फोन होता. माणूस इतका घाबरला की तो काहीही पिऊ शकतो. मी सरळच विचारलं, "रस घेतलाय का?"

"नाई."

"नक्की?"

"मिक्सरच नाई घरात. भरती होऊन घरी आली आन् थो सुमनच्या घरी नेऊन ठेवला. चटनी पाट्यावर वाटतो. मले माहीत होतं बाई, एक दिवस मले पुन्हा भेव वाटन."

माझ्या सगळ्या नोकरीत कोणत्याही पेशंटने स्वतःसाठी इतकी नेमकी तजवीज केलेली मी पाहिली नव्हती. तजवीज निग्रहाची नव्हती. आपण घाबरणार, हे धरून केलेली होती.

अक्षय वाचला. दोन दिवसांनी त्याने स्वतः मला फोन केला. आईची किडनी नको, हे त्याचं म्हणणं त्याने पहिल्यांदाच मागे घेतलं. पण एक अट घातली. "तिच्या तपासण्यात थोडंबी कमी निघालं तं मले सांगजा. तिले नोका सांगू."

पाऊस संपता संपता सगळ्या तपासण्या पुन्हा झाल्या. क्रिएटिनिन पहिल्यासारखं. लघवीत स्फटिक नाहीत. दोन्ही किडन्यांचं काम वेगवेगळं मोजणारा स्कॅन केला, तोही चांगला निघाला. तरी डॉ. इंगोले समाधानी नव्हते. त्यांनी सगळे कागद नागपूरच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवले आणि त्यांचं मत आल्यावरच ऑपरेशनला मंजुरी देणाऱ्या समितीपुढे ठेवले. त्या काळात शोभाबाई दर दोन दिवसांनी फोन करायच्या आणि मी दर वेळी तेच सांगायचे, अजून उत्तर नाही. चिडून त्या एकदा म्हणाल्या, "तुमच्यापेक्षा पोस्टमन बरा वो बाई." मंजुरी आली तेव्हा मात्र त्यांनी फोन सुमनला दिला आणि मला तेच पुन्हा सांगायला लावलं.

ऑपरेशनच्या दिवशी माझं तिथे काही काम नव्हतं. आहारतज्ज्ञाला ऑपरेशन थिएटरमध्ये कोणी बोलवत नाही. मी तरी गेले आणि बाहेर सुमनच्या शेजारी बसले. तिच्या हातात वहिनीच्या चपला होत्या. नंतर सर्जन बाहेर आले आणि म्हणाले, किडनी बसवली आणि टेबलावरच लघवी यायला लागली. नळीत पिवळं पाणी दिसलं म्हणून इतकी माणसं आनंदाने रडताना तुम्हाला फक्त अशाच जागी दिसतील.

अक्षय आता कामावर जातो. गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील. पाणी पोटभर पितो. शोभाबाई तपासणीला येतात. एका किडनीवर त्यांचं बरं चाललंय, तरी दर वेळी रिपोर्ट हातात येईपर्यंत मी खुर्चीत नीट बसत नाही. गेल्या खेपेला त्यांचं वजन किलोभर वाढलं होतं. दिवाळी झाली होती. मी नुसती वही मिटली.

आता माझ्याकडे वजन कमी करायला नवीन माणूस आला की काय खाता, हा प्रश्न मी दुसरा विचारते. आधी विचारते, घाई कोणाला आहे? बहुतेक जण म्हणतात, मलाच. त्यावर मी काही लिहून घेत नाही, थोडी थांबते. मग खरं उत्तर येतं. कोणाची सासू असते, कोणाचा साहेब, कोणाच्या मुलीचं लग्न. भीती कोणाची आहे ते कळलं की तक्ता करणं सोपं जातं.